'दोघंही' हे उत्तर चालत नाही तेव्हा…

'आई जास्त आवडते की बाबा?' लहानपणी घरी येणारे पाहुणे हमखास विचारायचे. 'दोघंही' म्हटलं की सुटका! आई-बाबा वेगळे होत असतील तर तोच प्रश्न आजीच्या फोनवर, वकिलाच्या ऑफिसात पुन्हा येतो आणि 'दोघंही' हे उत्तर कुणालाच नको असतं.

तुम्ही १८ पूर्ण केली असतील तर तुमच्या ताब्याचा प्रश्नच उरत नाही. पण तुम्ही अकरावीत असाल किंवा घरात सातवीतला धाकटा भाऊ असेल, तर एक गोष्ट समजून घ्या. निवड करायचं काम कायद्याने मुलावर टाकलेलं नाही. त्याला मुलाचं फक्त मत हवं असतं.

१८९० चा पालक व पाल्य कायदा सांगतो की, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. 'शकतं' हा शब्द महत्त्वाचा. त्यात वयाचा आकडा नाही. 'बारा वर्षं झाली की मूल म्हणेल तसंच होतं' हे कट्ट्यावरचं ज्ञान. निर्णय होतो तो मुलाच्या हितावर. मला हे पटतं. मुलाचाच शब्द शेवटचा ठरला असता, तर हरलेल्या पालकाचा राग त्याने जन्मभर सोसायचा का? शिवाय नवा मोबाइल, गोव्याची ट्रिप अशी बोली लागली असती. तशी ती आजही लागते म्हणा! म्हणूनच न्यायाधीश अनेकदा आई-बाबांना बाहेर थांबवून मुलाशी चेंबरमध्ये बोलतात. फॅमिली कोर्टात समुपदेशकही असतात. नऊ वर्षांचं पोर 'मानसिक छळ' वगैरे बोलायला लागलं, की ते पढवलेलं आहे अशी शंका येणारच. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याच्या प्रकाराची दखल सुप्रीम कोर्टानेही २०१७ च्या एका निकालात घेतली आहे.

मग तिथे बोलायचं काय? 'मला आईकडे राहायचंय' एवढ्यावर थांबू नका. क्लास कुठे आहे, अभ्यासाला जागा कुठे मिळते, आजीला कधी भेटायचंय, धाकट्यापासून वेगळं राहायचं नाही, हे सगळं सांगा. 'मला दोघांतून एक निवडायचं नाही' हेही सांगता येतं. मारहाण होत असेल, भीती वाटत असेल तर मात्र ते अजिबात लपवू नका. कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबायचीही गरज नाही, चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर त्यासाठीच आहे.

आणि एकदा झालेला आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. भेटीसाठी शनिवार-रविवार ठरले आणि नेमके त्याच दिवशी दहावीचे क्लास आले, तर वेळापत्रक बदलायलाच हवं ना?

धाकटा बाबांकडून परत आला, की 'तिकडे काय काय झालं?' म्हणून त्याची उलटतपासणी घेऊ नका. मॅच कोण जिंकलं ते विचारा.