रडवणारा तास आणि सहा तुकड्यांचा धडा

2025च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीने ग्रंथालयातून वर्णद्वेष, लिंगभाव अशा विषयांवरची 381 पुस्तकं हटवल्याची बातमी आली. काळ्या लेखिका माया अँजेलो यांचं आत्मचरित्र गेलं, हिटलरचं फळीवरच राहिलं. त्यावर वेगळा विनोद करायची गरज उरली नव्हती. पुढच्याच महिन्यात बहुतेक पुस्तकं परत आली, पण वाद तिथेच अडकलाय: वर्णद्वेष शिकवायचा की नाही? कसा शिकवायचा आणि शिकवलेलं टिकतं का, हे विचारायला कुणाला वेळ नाही.

या विषयावरच्या साधनांची यादी कुणीही करो, त्यात जेन इलियट यांचं नाव असतंच. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली 4 एप्रिल 1968 रोजी. दुसऱ्या दिवशी आयोवामधल्या राइसव्हिल गावात तिसरीच्या या बाईंनी नेहमीचे धडे बाजूला ठेवले. गाव सगळं गोरं, मग भेद करायचा कशावरून? त्यांनी डोळ्यांचा रंग निवडला. एका रंगाची मुलं हुशार, त्यांना मधली सुट्टी मोठी. दुसऱ्या रंगाची ‘ढ’. नंतर पारडं उलटं.

1970 साली एबीसी वाहिनीने याच प्रयोगावर माहितीपट केला. त्यात ‘ढ’ ठरलेल्यांच्या गळ्यात कापडी कॉलर आहे. तपकिरी डोळ्यांच्या मुलांना कमीपणाच्या दिवशी वाचनाच्या कार्डांचा एक गठ्ठा संपवायला साडेपाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी ती ‘वरची’ झाली आणि तोच गठ्ठा अडीच मिनिटांत संपला. शाळेत ज्याला गप्प बसवलं गेलंय त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तरी मला हा तास खटकतो. आठ-नऊ वर्षांची पोरं, ज्यांच्यावर विश्वास त्या बाईच खोटं सांगतात आणि पालकांना पत्ता नाही. आपल्याकडच्या पालक सभेत त्या टिकल्या नसत्या; त्यांच्या गावानेही त्यांना कधी मनापासून माफ केलं नाही. शिवाय त्या वर्गात काळं मूल एकही नाही. अपमान कसा लागतो हे मुलांना कळलं, पण ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या माणसांशी त्यांची गाठ पडलीच नाही. प्रयोग पुढे मोठ्यांच्या प्रशिक्षणात गेला, ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमातही पोचला. त्याच्या परिणामांचे मोजके अभ्यास झाले, निकाल बेताचेच. कॅमेऱ्याला मात्र अश्रू आवडतात.

माझं मत पडतं एलियट अ‍ॅरन्सन यांच्या बाजूने. 1971 साली टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, हाणामाऱ्या चालू होत्या. या मानसशास्त्रज्ञाने द्वेषावर एक शब्दही न बोलता धड्याचे तुकडे केले. पाच-सहा जणांच्या गटात प्रत्येकाला एकेक तुकडा. तो त्याने तयार करायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा पूर्ण धड्यावर. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या पोराची टिंगल केली तर त्याचा तुकडा तुम्हाला मिळणार नाही आणि मार्क तुमचेच जाणार. काही आठवड्यांत टिंगल करणारे त्याला नीट प्रश्न विचारू लागले. नंतर इतरत्र याचे निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत, हेही खरं.

म्हणून पुस्तकं बिनकामाची, असं नाही. अमेरिकेतल्या गुलामांची कहाणी जोतीरावांनी वाचली नसती, तर 1873 सालचं ‘गुलामगिरी’ तिथल्या गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण झालं नसतं.

आपलं काय? दिल्लीत अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर 2014 साली बेझबरुआ समिती नेमली गेली. ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात आणा, असं तिने सांगितलं. 2017 साली एनसीईआरटीचं पुस्तक आलं, पण पूरक वाचन म्हणून. ज्यावर मार्क नाहीत ते आपल्या शाळेत कोण उघडतं? अ‍ॅरन्सन यांची युक्तीही इथे याच ठिकाणी अडेल. ऑस्टिनमध्ये शेजाऱ्याला येणं म्हणजे आपल्याला येणं होतं. सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये मणिपूरहून आलेल्या शेजाऱ्याला एक गणित जास्त आलं, तर आपलं एक घर खाली जातं. गटात बसवलेली मुलं हे पहिल्याच आठवड्यात ओळखतील आणि क्लासवाले त्याच्याही आधी.