मोड आलेल्या मुगातील हमाल

मूग रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून फडक्यात बांधावेत, म्हणजे त्यांना मोड येतात, ही गोष्ट पुण्यातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. पण मोड वाढतो तेव्हा आत काय घडते? पेशीच्या दोन पेशी होतात, त्यांच्यामध्ये नवी भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीचा माल नेमक्या जागी वाहून न्यावा लागतो. माल आला की रस्ता आला, आणि रस्ता आला की हमालही आला.

पेशीतील हे हमाल म्हणजे चालक प्रथिने. वनस्पतींत त्यांची दोन घराणी मुख्य आहेत. कायनेसिन हे सूक्ष्मनलिका नावाच्या पोकळ दांड्यांवरून चालते, तर मायोसिन ॲक्टिनच्या तंतूंवरून. दोघांचे इंधन एकच, एटीपी नावाचे रसायन. कायनेसिनचे पाऊल आठ नॅनोमीटरचे; म्हणजे एका मिलिमीटरचे सव्वा लाख भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, एवढे! १७७४ साली इटलीतील कोर्ती यांनी कारा या पाणवनस्पतीच्या पेशीत द्रव अखंड फिरताना पाहिला. तो फिरविणारे मायोसिन आहे, हे उमगण्यास सुमारे दोनशे वर्षे लागली.

आता हजारो प्रथिनांच्या गर्दीतून हा हमाल वेगळा काढायचा कसा? युक्ती अशी, की त्याचे काम बंद पाडावयाचे. १९८५ साली व्हेल, रीझ व शीट्झ यांनी माकुळाच्या मज्जातंतूतून कायनेसिन वेगळे केले, ते याच युक्तीने. पेशींच्या रसात सूक्ष्मनलिका घालतात आणि एटीपीसारखे दिसणारे, पण खर्ची न पडणारे खोटे इंधन देतात. हमाल रस्ता घट्ट धरतो आणि तिथेच अडकतो. मग तो रस वेगाने गरगर फिरविला की नलिका तळाशी बसतात, आणि त्यांना धरून हमालही. पुढे खरे एटीपी दिले की त्याची पकड सुटते. गिरणीत कोण काय करतो हे संपाच्या दिवशी जसे कळते, तसेच हे! शेवटी कसोटी: ही प्रथिने काचेवर चिकटवून वर नलिका व एटीपी सोडतात. नलिका सरकू लागली, तर हमाल जिवंत आहे.

वनस्पतींत हे काम अधिक बिकट. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. ते काळे करणारी द्रव्ये प्रथिनांनाही बिघडवितात. शिवाय जून पेशीचा बहुतेक भाग आम्लधर्मी पाण्याच्या मोठ्या पिशवीने व्यापलेला असतो. ती फुटली की तिच्यातील पाचक द्रव्ये प्रथिने कुरतडतात. म्हणून वाढता कोवळा भाग घ्यावयाचा, आणि तो बर्फाच्या थंडाव्यात, संरक्षक द्रव्ये घालून झटपट वाटावयाचा. १९९४ साली जपानी संशोधकांनी लिलीच्या परागनलिकांतून मायोसिन वेगळे केले.

हमालांइतकाच रस्ताही महत्त्वाचा. प्रयोगशाळांत सूक्ष्मनलिका बहुधा जनावरांच्या मेंदूतील ट्युब्युलिन या प्रथिनापासून बनवितात. पण वनस्पतीचा रस्ता तसाच असेल कशावरून? आपल्या पाषाणच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी मुगाच्या रोपांतूनच ट्युब्युलिन वेगळे केले, त्याच्या नलिका कोणत्या वेगाने जुळतात हे मोजले, आणि तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

याचे आपणांस काय, असे कोणी विचारील. शेतात फवारले जाणारे पेंडीमिथॅलिन हे तणनाशक याच रस्त्यावर घाव घालते. ते वनस्पतीच्या ट्युब्युलिनला पकडते, नलिका जुळू देत नाही, आणि तण उगवतानाच खुंटते. प्राण्यांच्या ट्युब्युलिनला मात्र अशी औषधे फारशी शिवत नाहीत. एवढ्यावरून ते फवारणाऱ्या मजुरास निर्धोक ठरते, असे मुळीच नव्हे; देहात इतरही ठिकाणे आहेत. उलट काही तणांनी ट्युब्युलिनमधील एकच दुवा बदलून अशा औषधांस दाद देणे सोडले आहे. तेव्हा जास्त औषध ओतावयाचे, की रस्त्याची रचना समजून घ्यावयाची? पहिल्या उपायाची किंमत पंप पाठीवर घेणारा मजूर मोजतो. दुसऱ्याची सुरुवात मूठभर मुगापासून होते.