जालना, नांदेड आणि विमानाचे घड्याळ

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने रात्रंदिवस चालतात. एखाद्या सुट्या भागावाचून भट्टी थंडावली की कारखानदाराला मिनिटेदेखील मोलाची वाटू लागतात. कामासाठी नांदेड गाठावयाचे असेल तर विमान सोयीचे पडेल काय, असा प्रश्न मग सहज निघतो. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

जालनेकरांना सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ. तेथून नांदेडचे सरळ रेषेतील अंतर सुमारे २१५ किलोमीटर भरते. वैमानिकांच्या परिभाषेत हे ११६ सागरी मैल झाले, कारण एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. लहान विमानतळांवर ये-जा करणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने नांदेड अवघ्या २६ मिनिटांवर येते.

परंतु हा हिशेब कागदावरचा झाला. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करून धावपट्टीच्या रेषेत येणे आणि शेवटी थांब्यावर लागणे, यांत पंधरा-वीस मिनिटे जातात. एवढ्या थोड्या अंतरात विमान पुरते वर जाते न जाते तोच खाली यावे लागते. म्हणून दोन्ही शहरांत थेट सेवा आहे असे धरले तरी वेळापत्रकात पाऊण तास दाखवावा लागेल. वाऱ्याचा परिणाम मात्र येथे नाममात्र. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असला तरी वाचतात ती दोन-तीन मिनिटे.

आता जालनेकराचा प्रवास पाहू. त्याने आधी सुमारे ५५ किलोमीटर पश्चिमेस, म्हणजे नांदेडच्या नेमके उलट दिशेस जावयाचे. त्यास सव्वा तास. उड्डाणापूर्वीचा निदान एक तास, उड्डाणाचा पाऊण तास, बाहेर पडण्यास पंधरा मिनिटे. एकूण सव्वातीन तास. गंमत अशी की, नकाशावर या दोन विमानतळांना जोडणारी रेषा जालना व अंबड यांच्या मधल्या शिवारावरून आणि पुढे परतूरजवळून जाते. घरून निघून अडीच तास होत आले तरी प्रवासी जिल्ह्याच्याच आकाशात! तिकडे जालन्याहून नांदेडपर्यंतचा रेल्वेमार्ग सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा असून जलद गाडी साधारणतः तीन ते चार तासांत पोहोचविते. खर्चाची तुलना करण्याचे कारणच उरत नाही.

मुंबईच्या बाबतीत चित्र पालटते. चिकलठाण्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे नांदेडपेक्षा ६५ किलोमीटर अधिक. आकाशात या अंतरास आठच मिनिटे जास्त लागतात. मुंबईच्या गर्दीच्या आकाशात उतरण्यासाठी ताटकळावे लागले तरी घरापासूनचा सारा प्रवास चार तासांच्या आत आटोपतो. रेल्वेने मात्र जालना-मुंबई हे अंतर सुमारे ४३५ किलोमीटर असून त्यास सात तास किंवा अधिक लागतात. विमानतळावर जाणारा वेळ दोन्ही प्रवासांत जवळजवळ सारखाच. तो मुंबईच्या प्रवासात भरून निघतो, नांदेडच्या प्रवासात निघत नाही. तेव्हा भट्टीचा सुटा भाग नांदेडहून आणावयाचा असेल, तर माणसाला जालना स्थानकावरच पाठवावे.