चेसिस नवी, मग सस्पेन्शन जुनेच?

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने टोयोटा टकोमा पिकअपच्या चेसिस पोखरल्या. २०१६ मधील न्यायालयीन तडजोडीत टकोमा (२००५ ते २०१०), टोयोटाच्याच काही टुंड्रा आणि सिक्वोया धरून सुमारे १५ लाख गाड्या होत्या. ठरलेल्या मुदतीत गंजाने आरपार भोक पडलेले आढळले, तर चेसिस कंपनीच्या खर्चाने नवी मिळत असे.

चेसिस बदलताना पाटे, शॉकॲब्सॉर्बर, कंट्रोल आर्म सगळे उतरतेच. म्हणून सस्पेन्शन सुधारायचे तर तेव्हाच. नंतर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. गंजलेल्या गाडीत खालच्या कंट्रोल आर्मचे अलाइनमेंट बोल्ट बुशात इतके जाम होतात की कापावे लागतात. तिथे नवे बोल्ट, नवे बुश घ्यावेतच. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही पुन्हा वापरू नयेत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहून लवकर फाटते.

गाडी उंच करणारे लिफ्ट किट? हौस म्हणून ठीक. पण आधी डीलरला विचारा, बाहेरचे सुटे भाग बसवायला तो नकारही देऊ शकतो. कायम ओझे वाहणाऱ्याने आधी मागचे पाटे बघावेत.