बारामतीच्या रेखांशावरचा उपग्रह आणि इलेक्ट्रॉनांचा मारा

इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह सप्टेंबर २०१६ मध्ये सोडण्यात आला. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर त्याचे ठाणे आहे. बारामतीचा रेखांश साधारण ७४.६, इंदापूरचा ७५. त्यामुळे या तालुक्यांत मध्यरात्र होते त्याच सुमारास उपग्रहापाशीही होते, आणि मध्यरात्र ते पहाट हाच त्याच्यासाठी अवघड काळ.

सौरवाऱ्याने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळले की रात्रीच्या बाजूने तप्त इलेक्ट्रॉनांचे लोट आत घुसतात आणि पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या बाजूला सरकतात. हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे हे कण उपग्रहाच्या पृष्ठभागावरच अडकतात. ऊन असले तर ते पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढते आणि हिशेब बराचसा जुळतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास मात्र उपग्रह मध्यरात्री सत्तरएक मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत जातो. तेव्हा त्याचे कवच हजारो व्होल्ट ऋणभारित होऊ शकते. १९७०च्या दशकात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावर हे मोजले गेले. सगळा उपग्रह सारखाच भारित झाला तर फारसे बिघडत नाही. शेजारच्या दोन भागांत तफावत पडली की ठिणगी उडते, तारांत स्पंद उमटतो आणि विद्युत मंडल त्यालाच आज्ञा समजून बसते.

याहून चिवट दुखणे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढच्या कणांचे. अ‍ॅल्युमिनियमचा एक-दोन मिलिमीटर पत्रा ते सहज भेदतात आणि केबलच्या आवरणात, सर्किट बोर्डात रुततात. ठिबकच्या पाण्यासारखा भार दिवसेंदिवस आत मुरत राहतो. गळतीपेक्षा भर जास्त झाली की ठिणगी थेट नाजूक भागांशेजारी पडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाच्या अ‍ॅनिक ई-१ आणि ई-२ या उपग्रहांची दिशा राखणारी यंत्रणा अशीच बिघडली. टीव्ही आणि दूरध्वनी सेवा कोलमडल्या. ई-१ काही तासांत सावरला, ई-२ला कित्येक महिने लागले.

उपाय ठाऊक आहेत: बाहेरून वाहक लेप, प्रत्येक धातूचा भाग सांगाड्याशी जोडलेला, तारांवर फिल्टर, नाजूक मंडलांभोवती जाड कवच. पण कवचाचा प्रत्येक किलो रॉकेटला उचलावा लागतो, म्हणून जाडी बेतानेच ठेवतात. उरलेली जोखीम वेळापत्रकावर जाते. इलेक्ट्रॉनांची मोजणी वाढल्याचा इशारा आला, की नियंत्रण कक्ष तातडीची नसलेली कामे पुढे ढकलू शकतो.