भंगारातली पेटी पुन्हा कामाला

घरात इंटरनेट आणणारी राउटरची पेटी जुनी झाली की माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे. वाचकहो, ही पेटी म्हणजे एक लहानसा संगणकच आहे. बहुधा ती धडधाकट असते. पण तिला चालवणाऱ्या प्रणालीची डागडुजी कंपनीने थांबवलेली असते, म्हणून ती असुरक्षित ठरते.

यावरचा उपाय कसा निघाला ते आम्ही सांगतो. अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. त्यात लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरल्याचे २००३ साली जाणकारांनी शोधून काढले. लिनक्सचा परवाना सांगतो, वापरा, बदला, विका. पण ज्याला द्याल त्याला मूळ सोर्स कोडही द्या. कंपनीने तो दिला नव्हता. जाणकारांनी मागणी लावून धरली आणि त्याच वर्षी कंपनीला कोड खुला करावा लागला. त्याच पायावर २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली उभी राहिली. हे कोणाच्या मेहेरबानीने घडले नाही, लिहून ठेवलेल्या हक्काने घडले!

आता कामाचे. पेटीच्या तळाशी छापलेले मॉडेल व आवृत्ती नीट वाचा. एकाच नावाच्या दोन पेट्या आतून वेगळ्या असतात. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आपली पेटी आहे का, ते पाहा. आजच्या प्रणालीला निदान ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम लागते. १६ व १२८ असल्यास उत्तम. ज्या पेटीमुळे हे सारे घडले, तिला आज ही प्रणाली पेलत नाही. कंपनीने वापरायला दिलेली पेटी कंपनीचीच असते, तिला हात लावू नका.

नेमक्या आवृत्तीचीच फाइल उतरवा आणि ती अखंड उतरली की नाही, हे चेकसमने पडताळा. वायफायवरून नव्हे, केबलने जोडा. पेटीच्या व्यवस्थापन पानावरून फाइल चढवा. काम चालू असता वीज गेली तर पेटी निकामी होऊ शकते. म्हणून भारनियमनाची वेळ टाळा. पेटी पुन्हा सुरू झाल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. सर्वांत आधी पासवर्ड ठेवा. वायफाय बहुधा बंद असते, ते आपणच सुरू करायचे.

अशी पेटी मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलापर्यंत सिग्नल पोहोचवते. नव्या पेटीचे पैसे वाचतात, हे खरेच. पण घरातल्या मुलामुलींना यंत्र आतून कळते, ही कमाई आम्हाला मोठी वाटते. पहिला प्रयोग मात्र टाकाऊ पेटीवरच करावा.