पाण्याजवळची वीज

अमेरिकेत घराच्या परसात बसवलेला मोठा हॉट टब सहसा २४० व्होल्टवर चालतो. त्यातला हीटर अनेकदा ५.५ किलोवॉटचा असतो आणि तो एकटाच सुमारे २३ अँपिअर करंट घेतो. पंप, ब्लोअर आणि दिवे यांचा भार धरला की घरातला साधा प्लग पुरत नाही. म्हणून मेन पॅनेलपासून टबापर्यंत स्वतंत्र लाइन ओढतात. ती बहुधा ५० अँपिअरची असते.

या लाइनीत बहुतेक वेळा चार तारा असतात. काळ्या आणि लाल तारेमध्ये २४० व्होल्ट मिळतात, तर त्यांपैकी कोणतीही एक आणि पांढरी न्यूट्रल यांच्यामध्ये १२०. हीटर २४० वर चालतो. कंट्रोल आणि छोट्या उपकरणांना १२० लागतात. चौथी हिरवी तार अर्थिंगची. ५० अँपिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या तारेचा छेद सुमारे १३ स्क्वेअर एमएम असतो. आपल्याकडे गीझरला घालतात त्या ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीच्या तिपटीहून जास्त. जमिनीखालून नेताना ती पीव्हीसी पाइपात घालून किमान १८ इंच खोल पुरतात.

ब्रेकर तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नाही, कारण ५० अँपिअरच्या कितीतरी खालचा करंटही जीव घेतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हातातली तार सोडता येईल असा कमाल करंट मोजला. पुरुषांमध्ये तो सरासरी १६ मिलिअँपिअर निघाला, स्त्रियांमध्ये त्याहून कमी. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. पाण्यात बसलेल्या माणसाचे स्नायू असे आखडले तर तो बुडू शकतो. १९६१ मध्ये डॅलझील यांनी जीएफसीआय हे साधन तयार केले. गेलेला आणि परत आलेला करंट ते सतत ताडून पाहते. ४ ते ६ मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. हॉट टबाच्या लाइनीवर ते हवेच.

ते जोडताना एक चूक वारंवार होते. जीएफसीआय ब्रेकरमधून पांढऱ्या तारेची एक गुंडाळी बाहेर येते. ती पॅनेलच्या न्यूट्रल पट्टीवर कसायची असते. टबाकडून आलेली पांढरी तार मात्र ब्रेकरच्याच न्यूट्रल स्क्रूखाली. टबाची तार थेट पट्टीवर गेली, तर परतीचा करंट ब्रेकरला वगळून जातो. ब्रेकर त्याला गळती समजतो आणि १२० व्होल्टचा भार सुरू होताच ट्रिप होतो. अशा वेळी जीएफसीआय काढून साधा ब्रेकर बसवणे म्हणजे माणसाचे संरक्षणच काढून टाकणे. आपल्याकडे याच तत्त्वावर चालणाऱ्या आरसीसीबीनंतरची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडली तरी नेमके हेच घडते.

वीज तोडण्याचा स्विच टबावरून दिसेल असा, पण पाण्यापासून किमान ५ फूट दूर बसवतात. पाण्यात बसलेल्याचा हात तिथे पोचू नये आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेआड तो कुणी चालू करू नये, हा हेतू. त्याशिवाय पंपाची बॉडी, हीटरचे आवरण आणि जवळचे धातूचे कठडे तांब्याच्या भरीव तारेने एकमेकांना जोडतात. याला बाँडिंग म्हणतात. अर्थिंगमुळे बिघाडाच्या करंटला परतीची वाट मिळते आणि ब्रेकर पडतो. बाँडिंगमुळे ओल्या हाताला एकाच वेळी लागणाऱ्या दोन वस्तूंमध्ये व्होल्टेजचा धोकादायक फरक उरत नाही. दोन्ही लागतात.

लोणावळा किंवा अलिबागच्या बंगल्यात टब बसवताना अमेरिकी आराखडा जसाच्या तसा चालत नाही. इथे सिंगल फेजला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि फेज-न्यूट्रल अशी जोडणी असते. ६० हर्ट्झचा साधा पंप ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश हळू फिरतो, म्हणून ५० हर्ट्झचेच मॉडेल घ्यावे. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. १०० किंवा ३०० ची त्या कामाची नाही. आरसीसीबी जादा भार ओळखत नाही, त्यामुळे सोबत योग्य एमसीबी हवी. टब पाण्याने भरल्यावरच वीज चालू करावी, नाहीतर हीटर कोरडा तापून जळतो. कुणीही पाण्यात उतरण्याआधी आरसीसीबीचे टेस्ट बटन दाबावे. वीज तुटली नाही, तर साधन बदलेपर्यंत टब बंद ठेवावा. हीच तपासणी पुढे दर महिन्याला करावी.